काळसर काच आणि सेकंदाचा पन्नासावा भाग

ड्रोनने चित्रण करणारे लोक भर दुपारी यंत्र उडवण्यापूर्वी त्याच्या कॅमेऱ्यावर एक काळसर काच बसवतात. उजेड भरपूर असताना तो मुद्दाम कमी का करायचा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला छायाचित्रणाच्या जवळजवळ दोनशे वर्षांच्या इतिहासात मागे जावे लागते. गंमत अशी, की त्या इतिहासाची सुरुवात नेमक्या उलट अडचणीतून झाली होती.

पहिल्या छायाचित्रकारांना प्रकाश कधीच पुरत नसे. फ्रान्समध्ये निसेफोर निएप्सने १८२६-२७ च्या सुमारास खिडकीबाहेरच्या दृश्याचे चित्र घेतले, तेव्हा पत्र्यावर कित्येक तास प्रकाश पडू द्यावा लागला. १८३८ मध्ये लुई दागेरने पॅरिसमधल्या एका रस्त्याचे चित्र घेतले. हा वेळ आता काही मिनिटांवर आला होता. तरीही वर्दळीचा तो रस्ता चित्रात ओसाड दिसतो. गाड्या आणि माणसे एका जागी थांबली नाहीत, म्हणून त्यांची खूण पत्र्यावर उमटलीच नाही. बूट पुसून घेण्यासाठी थांबलेला एक माणूस तेवढा ओळखू येतो.

पुढे रासायनिक लेप अधिक संवेदनशील होत गेले. १८८२ मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे याने बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा तयार केला. त्यात सेकंदाला १२ चित्रे घेता येत आणि प्रत्येक चित्रासाठी झडप, म्हणजेच शटर, फक्त १/७२० सेकंद उघडे राही. उडत्या पक्ष्याचे पंख त्यात गोठल्यासारखे दिसत. मारेला पंखांची हालचाल मोजायची होती, म्हणून रेखीव चित्र हेच त्याचे उद्दिष्ट होते.

सिनेमाची गरज मात्र वेगळी होती. बोलपटांचे युग १९२० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाल्यावर सेकंदाला २४ चित्रे हा वेग रूढ झाला. कॅमेऱ्यात फिल्मपुढे एक तबकडी फिरे. साधारणपणे ती अर्धी कापलेली असे. कापलेला भाग समोर असताना फिल्मवर प्रकाश पडे आणि उरलेल्या अर्ध्या काळात अंधारात फिल्म पुढे सरके. म्हणजे प्रत्येक चित्राला १/४८ सेकंद मिळे. ही यंत्राची सोय होती, पण तिचा एक परिणाम प्रेक्षकांच्या डोळ्यांच्या अंगवळणी पडला.

तो परिणाम आकड्यांत पाहू. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल सेकंदाला १० मीटर पुढे जाते. सेकंदाला २५ चित्रे घेतली, तर दोन चित्रांच्या दरम्यान ती ४० सेंटिमीटर सरकते. शटर १/५० सेकंद उघडे असेल, तर प्रत्येक चित्रात तिचा २० सेंटिमीटरचा फराटा उमटतो आणि पुढच्या चित्राशी जणू सांधा जुळतो. शटर १/३२०० सेकंदच उघडले, तर फराटा जेमतेम ३ मिलिमीटरचा होतो. प्रत्येक चित्र सुबक येते, पण पडद्यावर मोटारसायकल धक्के खात पुढे जाते.

१/३२०० हा आकडा आम्ही उगाच घेतलेला नाही. छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा असा : लख्ख उन्हात संवेदनशीलता आयएसओ १०० आणि भिंगाचे छिद्र एफ/१६ असेल, तर शटर १/१०० सेकंद उघडावे. २०१५ मध्ये आलेल्या फँटम ३ या ड्रोनच्या कॅमेऱ्याचे छिद्र एफ/२.८ वर कायमचे ठरलेले होते. हे छिद्र एफ/१६ च्या सुमारे ३२ पट प्रकाश आत घेते, म्हणून शटरचा वेळ १/३२०० सेकंदावर येतो. सिनेमाच्या कॅमेऱ्यात छिद्र लहान करून प्रकाश आवरता येतो. इथे ती सोय नाही. १/५० सेकंद हवा असेल, तर प्रकाश ६४ पट कमी करणेच भाग आहे. हे काम ती काळसर काच करते.

तिला 'न्यूट्रल डेन्सिटी' फिल्टर म्हणतात. 'न्यूट्रल' म्हणजे उदासीन. ती सर्व रंगांचा प्रकाश जवळजवळ सारख्याच प्रमाणात अडवते, त्यामुळे चित्राचा रंग बिघडत नाही. 'डेन्सिटी' म्हणजे घनता. या शब्दामागे फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड यांचे १८९० मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन आहे. छायाचित्राच्या काचेवरचा काळेपणा मोजण्यासाठी त्यांनी लॉगरिथमचा उपयोग केला. निम्मा प्रकाश जाऊ देणाऱ्या काचेची घनता सुमारे ०.३ असते. दोन काचा एकावर एक ठेवल्या तर घनतांची बेरीज होते आणि प्रकाश मात्र निम्म्याचा निम्मा होतो. सहा काचांची घनता १.८ होते आणि प्रकाश १/६४ उरतो. दहावीच्या वर्गात घातांक शिकवताना हे उदाहरण चांगले उपयोगी पडेल.

ही काच नेहमीच लावावी असे मात्र नाही. शेताचा नकाशा करताना किंवा पुलाला गेलेले तडे शोधताना ड्रोनचे प्रत्येक चित्र रेखीव हवे. तिथे मारेचाच मार्ग बरोबर. ढग आले तरी अडचण होते, कारण काच बदलायला ड्रोन खाली उतरवावा लागतो. आणि खूप उंचीवरून पाहिल्यास जमिनीवरचा फराटा चित्रात इतका लहान असतो, की काचेचा फायदा फारसा जाणवत नाही.

हा प्रयोग वर्गात करता येईल. खिडकीजवळच्या फिरत्या पंख्याचे मोबाइलने छायाचित्र घ्या. मग भिंगापुढे गॉगलची काच धरून पुन्हा घ्या, नंतर दोन काचा धरून. मोबाइलमध्ये सोय असल्यास आयएसओचा आकडा स्थिर ठेवा, नाहीतर मोबाइल संवेदनशीलता वाढवून कमी झालेल्या प्रकाशाची भरपाई करील आणि फरक नीट दिसणार नाही. पाती कोणत्या चित्रात गोठली आणि कोणत्यात पसरली, हे मुलांनाच सांगू द्या. गॉगलमधून सूर्याकडे मात्र कोणीही पाहू नये, ही सूचना आधी द्यावी. शेवटी मुलांना विचारा : पंख्याचे खरे चित्र यांपैकी कोणते? पाती मोजायची असतील तर एक चित्र उपयोगी आणि पंखा फिरतो आहे हे दाखवायचे असेल तर दुसरे, इथपर्यंत मुले स्वतःच पोहोचली, तर त्या तासाचे काम झाले असे आम्ही समजू.