वेळेवरून जागा: नौकेवरील जीपीएसची कुळकथा

कोकण किनाऱ्यावरील यांत्रिक नौकेत तांडेलाच्या, म्हणजे नौकेच्या प्रमुखाच्या, सुकाणूजवळ बसवलेले जीपीएस यंत्र वरवर रेडिओच्या जातीचे दिसत असले, तरी कुळाने ते घड्याळ आहे. अक्षांश, म्हणजे विषुववृत्तापासूनचे उत्तर-दक्षिण अंतर, ध्रुवताऱ्याच्या उंचीवरून मोजता येते. रेखांशाला, म्हणजे पूर्व-पश्चिम स्थानाला, फिरत्या पृथ्वीवरून दिसणाऱ्या आकाशात तशी स्थिर खूण नसल्याने दोन ठिकाणांच्या स्थानिक वेळांतील फरक, एका अंशास चार मिनिटे या हिशेबाने, मोजावा लागतो.

हा हिशेब भारतीय ज्योतिषाला जुन्या काळापासून ठाऊक होता. उज्जैनवरून जाणारी मध्यरेखा गृहीत धरून त्या रेषेसाठी गणिताने काढलेली चंद्रग्रहणाची वेळ आणि आपल्या गावी प्रत्यक्ष दिसलेली वेळ यांतील फरकावरून देशांतर, म्हणजे मध्यरेखेपासूनचे पूर्व-पश्चिम अंतर, काढण्याची रीत सूर्यसिद्धान्तात सांगितली आहे. धाराशिव जिल्ह्यातील येरमाळा (सुमारे 75.9 अंश पूर्व) या मध्यरेखेच्या अगदी जवळ येते, त्यामुळे तेथील आणि उज्जैनची माध्यान्ह जवळपास एकाच क्षणी होते, तर मुंबईत सूर्य माथ्यावर यायला आणखी बारा मिनिटे लागतात. समुद्रापासून इतक्या दूरच्या, बालाघाटावरच्या गावाचे स्थान ज्या तत्त्वाने ठरते, त्याच तत्त्वावर पुढे जगभरची जहाजे चालली, हे मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे.

मात्र खलाशाला ग्रहणाची वाट पाहत बसणे परवडत नाही. जॉन हॅरिसन या इंग्रज कारागिराने डुलत्या जहाजावरही वेळ न चुकवणारे घड्याळ घडवले आणि 1761 मध्ये सुरू झालेल्या जमैकाच्या सफरीत त्याची कसोटी लागली. अशा घड्याळांना बंदरात खात्रीची वेळ मिळणे आवश्यक होते, कारण चार सेकंदांची चूक मुंबईच्या अक्षांशावर पावणेदोन किलोमीटरची ठरते. 1826 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने उभारलेल्या कुलाबा वेधशाळेच्या मूळ कामांत जहाजांसाठीचे हे कालमापनही होते.

पुढचा टप्पा 4 ऑक्टोबर 1957 रोजी सोडलेल्या स्पुट्निक या कृत्रिम उपग्रहाने घडवला. जवळ येताना चढणाऱ्या आणि दूर जाताना उतरणाऱ्या त्याच्या रेडिओ-लहरींच्या कंपनसंख्येवरून, म्हणजे डॉप्लर परिणामावरून, अमेरिकी संशोधकांनी त्याची कक्षा काढली आणि मग प्रश्न उलटा केला: कक्षा ठाऊक असेल तर ऐकणाऱ्याची जागा काढता येईल काय? त्यातून पाणबुड्यांसाठी ‘ट्रान्झिट’ प्रणाली आली, पण तिच्यात उपग्रह माथ्यावरून जाईपर्यंत थांबावे लागे. 1978 पासून आकाशात जाऊ लागलेल्या जीपीएस उपग्रहांनी ही प्रतीक्षा संपवली.

सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरील प्रत्येक जीपीएस उपग्रह आपली कक्षा आणि अणुघड्याळातील क्षण सतत प्रसारित करतो. हा संकेत नौकेपर्यंत यायला सेकंदाचा साधारण चौदावा-पंधरावा भाग लागतो आणि त्या विलंबाला प्रकाशाच्या वेगाने गुणले की अंतर मिळते. तीन अंतरांवरून स्थान ठरले असते, परंतु नौकेवरील यंत्राचे घड्याळ साधे क्वार्ट्झचे असते आणि त्यातील एका मायक्रोसेकंदाची चूक 300 मीटरची होते. म्हणून चौथा उपग्रह धरून ती चूकही गणितानेच काढून टाकतात. हे यंत्र नौकेची चाल आणि मार्ग सांगते, मात्र एकाच ॲन्टेनाच्या यंत्राला थांबलेल्या नौकेची नाळ कोणत्या दिशेला आहे ते कळत नाही, त्यासाठी होकायंत्रच लागते.

मासेमारीत या यंत्राचा उपयोग कसा होतो, ते डोल जाळ्यावरून कळते. हे जाळे समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना बांधून भरती-ओहोटीच्या प्रवाहात लावतात. पूर्वी असा खुंट शोधताना किनाऱ्यावरील डोंगर, देऊळ किंवा दीपगृह अशा दोन-दोन खुणा एका रेषेत आणाव्या लागत आणि धुक्यात ते जमत नसे. आता खुंटाचे अक्षांश-रेखांश यंत्रात जतन करता येतात. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेची माशांच्या संभाव्य क्षेत्रांची सूचनाही याच आकड्यांत येत असल्याने तांडेल ती थेट वापरू शकतो.

जीपीएससारख्याच, भारताच्या स्वतःच्या ‘नाविक’ या स्थाननिश्चिती प्रणालीचा सातवा उपग्रह 28 एप्रिल 2016 रोजी कक्षेत गेला. पुढे पहिल्या उपग्रहावरील तिन्ही आयात रुबिडियम घड्याळे बंद पडली आणि उपग्रह शाबूत असूनही स्थान सांगण्यास निरुपयोगी ठरला. 29 मे 2023 रोजी सोडलेल्या याच प्रणालीच्या एनव्हीएस-01 या उपग्रहावर मात्र अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्रात विकसित झालेले स्वदेशी अणुघड्याळ बसवलेले आहे.