उंदराची खोडी

१९९२ साली डिस्ने कंपनीने टाइम वॉर्नरच्या मासिकांना मिळणाऱ्या आपल्या जाहिराती काढून घेतल्या. राग मासिकांवर नव्हता, त्याच घरातल्या दुसऱ्या धंद्यावर होता. 'सिक्स फ्लॅग्ज' ही अमेरिकेतली करमणूक उद्यानांची साखळी तेव्हा टाइम वॉर्नरकडे आली होती. तिची सूत्रं होती बॉब पिटमन यांच्याकडे, म्हणजे 'एमटीव्ही'च्या उभारणीत ज्यांचा मोठा हात होता ते. या गृहस्थांनी टीव्हीवर चक्क डिस्नेलँडचं नाव घेऊन चिमटे काढायला सुरुवात केली. आमचं उद्यान मोठं आणि तुमच्या घरापासून कितीतरी जवळ, हा एकूण सूर. डिस्नेची अमेरिकेतली उद्यानं होती दोनच ठिकाणी, कॅलिफोर्नियात आणि फ्लॉरिडात. न्यू जर्सीतल्या कुटुंबाला मिकी माउसला भेटायचं तर विमानाची तिकिटं, हॉटेल, आठवड्याची रजा असा सगळा लवाजमा. सिक्स फ्लॅग्जला सकाळी गाडी काढली की रात्री घरी. चिमटा बसला, कारण तो खरा होता.

मला यात गंमत वाटते ती उत्तराची. थट्टेला उलट थट्टेने उत्तर द्यायचं सोडून डिस्नेने पैशाची थैली आवळली. या धंद्याच्या सव्वाशे वर्षांत हे सतत दिसतं: खोडी काढतो तो धाकटा. थोरला एकतर ऐकू न आल्यासारखं करतो, नाहीतर वकील बोलावतो.

या खोडीचं मूळ न्यूयॉर्कच्या समुद्रकाठी आहे, कोनी आयलंडला. १८९५ साली पॉल बॉयटन यांनी तिथे 'सी लायन पार्क' काढलं. भोवती कुंपण आणि दाराशी तिकीट, ही कल्पना तिथली. दोनच वर्षांनी जॉर्ज टिल्यू यांनी 'स्टीपलचेस पार्क' उघडलं. रुळांवरून पळणारे लाकडी घोडे हे त्याचं मुख्य आकर्षण. १९०२च्या हंगामासाठी टिल्यूंनी थॉम्पसन आणि डंडी या जोडगोळीला आपल्याकडे आणलं. त्यांचा 'चंद्रावरची सफर' हा खेळ आदल्याच वर्षी बफेलोच्या प्रदर्शनात गाजला होता. प्रेक्षक यानात बसायचे, यान हलायचं, खाली पृथ्वी लहान होत जायची आणि चंद्रावर उतरल्यावर बुटके चंद्रवासी स्वागताला यायचे. पण तो उन्हाळा पावसात गेला, वाट्यावरून बिनसलं आणि जोडगोळी आपलं यान घेऊन चालती झाली. गेली कुठे? तिथल्या तिथे. बॉयटन यांची जागा भाड्याने घेऊन १९०३च्या मे महिन्यात त्यांनी स्वतःचं उद्यान उघडलं. चंद्रयानाचं नाव होतं 'लूना'. उद्यानाचं नाव ठेवलं लूना पार्क. हातचा गेलेला खेळ टिल्यूंना रोज डोळ्यांसमोर दिसावा, तोही अडीच लाख दिव्यांच्या झगमगाटात, याहून बोलका टोमणा कोणता?

पुढच्याच वर्षी माजी सिनेटर विल्यम रेनल्ड्स यांचं 'ड्रीमलँड' आलं. लूनाला अडीच लाख दिवे, तर इथे दहा लाख. लूनात आगीचा बंब आणि जळती इमारत असा खेळ, तर इथेही तोच, नावात थोडा फरक. लूना रंगीबेरंगी आणि चक्रम, म्हणून ड्रीमलँड सोवळ्यातलं, नखशिखांत पांढरं. शेजाऱ्याचं नाव कोणी घेत नव्हतं. घेण्याची गरजच नव्हती, गिऱ्हाईक एका दारातून निघून दुसऱ्यात शिरत होतं.

विनोदाच्या बाबतीत मात्र टिल्यूच सगळ्यांचे बाप. १९०७च्या जुलैत स्टीपलचेस जळून खाक झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फलक लावला: काल नव्हत्या त्या अडचणी आज आहेत, काल होत्या त्या आज नाहीत, याच जागी आणखी मोठं उद्यान उभं राहील. आणि खाली, धुमसते अवशेष पाहण्याचं तिकीट दहा सेंट. ड्रीमलँडला ही हिकमत जमली नाही. १९११च्या मे महिन्यात, हंगाम उघडायच्या आदल्या रात्री 'हेल गेट' नावाच्या खेळात आग लागली आणि सगळं उद्यान गेलं, ते पुन्हा उभं राहिलं नाही.

आता वॉल्ट डिस्ने. १९५३च्या नोव्हेंबरात त्यांची माणसं शिकागोच्या अधिवेशनात देशभरच्या उद्यानमालकांना आपला आराखडा दाखवायला गेली. जुन्याजाणत्यांनी आराखडा पाहिला आणि माना हलवल्या. दारू नाही, दाराशी उभं राहून गर्दीला हाळी देणारे नाहीत, नेहमीचे हुकमी पाळणे नाहीत, प्रवेशद्वार एकच, झाडाझुडपांवर नुसता खर्च. चालायचं नाही, असा निकाल लागला. डिस्नेलँड १७ जुलै १९५५ला उघडलं ते या सगळ्या 'नाही'सकट. आमचं उद्यान म्हणजे तो कळकट जत्रेचा बाजार नव्हे, हे त्याच्या झाडलेल्या रस्त्यांपासून गणवेशापर्यंत लिहिलेलं होतं. म्हणजे खोडी काढण्यात उंदीरही मागे नव्हता. त्याने नाव घेतलं नाही, इतकंच. आणि तेव्हा धाकटा तोच होता.

नाव घेऊन बोलायची मुभा अमेरिकेत हळूहळू आली. १९७९ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने धोरणच जाहीर केलं की खरेपणा राखून प्रतिस्पर्ध्याशी तुलना करणारी जाहिरात ग्राहकाच्या हिताची आहे. (आपल्याकडे हा प्रकार मुंबईकरांनी २००७मध्ये होर्डिंगवर पाहिला. जेट एअरवेज म्हणाली आम्ही बदललो, किंगफिशर म्हणाली आम्हीच त्यांना बदलायला लावलं, गो एअर म्हणाली आम्ही काही बदललो नाही. तिन्ही कंपन्यांची विमानं आज जमिनीवर आहेत.)

डिस्नेला सगळ्यात जास्त डिवचलं ते युनिव्हर्सलने. त्यामागे खरं वैर होतं. फ्लॉरिडात स्टुडिओ-उद्यान काढायची योजना युनिव्हर्सलची मालक कंपनी एमसीए हिने आधीच मांडली होती, पण डिस्नेने आपलं स्टुडिओ-उद्यान १ मे १९८९ला उघडून बाजी मारली. युनिव्हर्सलची माणसं म्हणायची, आमची कल्पना ढापली. एमसीएचे अध्यक्ष सिडनी शाइनबर्ग यांनी तर सवाल टाकला होता की या लहानशा उंदराची भलीमोठी खादाड घूस झालेली तुम्हाला चालणार आहे का. युनिव्हर्सल अखेर ७ जून १९९०ला उघडलं आणि पहिल्याच दिवशी किंगकाँग, भूकंप आणि शार्क हे तिन्ही मोठे खेळ रुसले. थट्टेचे दिवस यायला अवकाश होता.

ते आले सिनेमाच्या वाटेने. जेफ्री कॅटझनबर्ग १९९४ साली डिस्नेतून बाहेर पडले, ड्रीमवर्क्सच्या स्थापनेत सामील झाले, डिस्नेवर दावा लावला, तो १९९९मध्ये मिटला. दोन वर्षांनी 'श्रेक' आला. त्यातलं ड्यूलॉक हे गाव नीट पाहा. आधी वाहनतळ, तिथे तुमची गाडी कुठल्या विभागात आहे ते सांगणारी पाटी. मग दोऱ्या बांधून केलेली नागमोडी रांग, आणि रांगेत चिटपाखरू नाही. गावाच्या सरदाराचं भलंथोरलं मुंडकं घातलेला नोकर श्रेकला घाबरून पळतो, पण पळतानाही दोऱ्यांची वळणं सोडत नाही. श्रेक दोऱ्या पाडत सरळ चालत येतो. पुढे फिरतं फाटक, त्यात गाढव अडकतं. चौकशीच्या खोक्याची कळ ओढली की लाकडी बाहुल्या गोग्गोड आवाजात गावाचे नियम गातात आणि गाणं संपताच कॅमेरा चमकून पर्यटकांचा फोटो बाहेर येतो. डिस्नेलँडला एकदा जाऊन आलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. २००३मध्ये याच श्रेकचा खेळ युनिव्हर्सलच्या उद्यानांत आला आणि ड्यूलॉकची ती टिंगल आता डिस्नेच्या सख्ख्या वैऱ्याच्या अंगणात तिकीट लावून सुरू झाली.

युनिव्हर्सलचाच २००८चा 'सिम्पसन्स राइड' त्याहून पुढे गेला. क्रस्टी या लोभी विदूषकाच्या उद्यानात डिस्नेच्या समुद्री चाच्यांची नक्कल आहे, आणि तिच्या नावातच लुबाडणूक असल्याचं सांगून टाकलंय. सी वर्ल्डची टर आहे, शिवाय युनिव्हर्सलची स्वतःचीही. माझ्या मते या जातीच्या विनोदात हाच सगळ्यांत अस्सल, कारण लांब रांगा आणि महाग पेयं कुठल्या एका कंपनीची मक्तेदारी नाही हे तो मान्य करतो.

दरम्यान व्यवहार आपल्या गतीने चालला होता. फ्लॉरिडातल्या युनिव्हर्सलने १९९४च्या कराराने मार्व्हलचे वीरपुरुष उद्यानासाठी घेतले होते. २००९मध्ये डिस्नेने जवळपास ४०० कोटी डॉलर मोजून मार्व्हलच विकत घ्यायचं ठरवलं. करार कायम राहिला. तेव्हापासून वैऱ्याच्या उद्यानातला हल्क डिस्नेला परवान्याचे पैसे मिळवून देतो.

थट्टा आणि बढाई यांत अंतर असतं, ते चीनमध्ये दिसलं. २०१६मध्ये शांघायचं डिस्नेलँड उघडायच्या तोंडावर वांडा समूहाचे वांग जिएनलिन यांनी टीव्हीवर सांगितलं की लांडग्यांच्या कळपापुढे एका वाघाचं काही चालत नाही. त्यांच्या नानचांगच्या उद्यानात पहिल्याच दिवशी स्नो व्हाइट आणि कॅप्टन अमेरिका फिरताना दिसल्यावर डिस्नेने कारवाईचा इशारा दिला. जुलै २०१७मध्ये वांडाने हे उद्यान इतर पर्यटन प्रकल्पांसह विकून टाकलं.

हाँगकाँगमध्ये ॲलन झेमन यांनी मात्र खेळकरपणा सोडला नाही. २००३मध्ये त्यांच्याकडे जुन्या 'ओशन पार्क'चं अध्यक्षपद आलं आणि २००५मध्ये त्याच शहरात डिस्नेलँड उघडलं. झेमन चित्रविचित्र वेश करून छायाचित्रकारांपुढे उभे राहायचे आणि सांगायचे, आमच्याकडे खरे प्राणी आहेत, त्यांच्याकडे चितारलेले. वृत्तपत्रांनी भांडण चवीने रंगवलं. ओशन पार्क ही कायद्याने स्थापन झालेली सरकारी संस्था, आणि हाँगकाँग डिस्नेलँडमध्ये निम्म्याहून जास्त वाटा हाँगकाँग सरकारचाच. एका छपराखालच्या दोन जावांचं हे भांडण होतं. कोविडच्या साथीत, २०२०मध्ये, ओशन पार्क बुडायला आलं तेव्हा ५४० कोटी हाँगकाँग डॉलर त्याच सरकारी तिजोरीतून निघाले.