पारितोषिक आणि विद्यावेतन

आपल्या ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांच्या गौरवाचा कार्यक्रम झाला नाही, तर मेळावा पार पडला असे कोणासही वाटावयाचे नाही. चित्रकला, गायन, वक्तृत्व, एकपात्री अभिनय यांच्या स्पर्धा होतात. अध्यक्षांच्या हस्ते चषक दिले जातात. मातापित्यांचे डोळे पाणावतात. आणि भोजनोत्तर मंडळी आपापल्या गाडीला लागतात. ही प्रथा चांगली आहे, ती टिकावी, असेच आम्ही म्हणू. परंतु चषक घरी नेल्यावर त्या मुलाचे पुढे काय होते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. तो विचारण्याची पाळी आमच्यावर कशी आली, ते प्रथम सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी मुदखेडहून आलेल्या एका मुलीच्या चित्रास पहिला क्रमांक मिळाला. परीक्षकांमध्ये आम्हीही होतो. मुदखेडच्या परिसरात फुलशेती मोठी; त्या मुलीने पहाटेच्या अंधारात टोपल्या भरणाऱ्या बायका रंगविल्या होत्या, आणि कंदिलाचा उजेड केवळ त्यांच्या हातांवर पाडला होता. पुढल्या वर्षी ती आली नाही. चौकशी करता कळले की, बारावीनंतर चित्रकलेच्या महाविद्यालयात जाण्याची तिची फार इच्छा होती. पण प्रवेशशुल्क आणि वसतिगृहाचा खर्च यांची जुळवाजुळव झाली नाही. ती घरच्या फुलांच्या व्यवसायात हातभार लावीत होती. आम्ही तिच्या घरी गेलो, तेव्हा आपण दिलेला चषक देव्हाऱ्याजवळच्या फळीवर होता आणि त्यात उदबत्त्या ठेवल्या होत्या. घरच्या कष्टाला आम्ही कमी लेखीत नाही. उणे होते ते आमच्याकडे. तिचा गुण आम्ही जाहीर केला, आणि तेथेच आमचे कर्तव्य संपले असे मानले.

गुणाची पारख आणि गुणाचे पोषण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली झाली म्हणजे दुसरी आपोआप होते असे नाही, हे आपल्या इतिहासात वारंवार दिसून आले आहे. पेशवाईतील दक्षिणा ही विद्वत्तेची परीक्षा घेऊन दिलेली रक्कमच होती. मात्र ती एकाच वर्णापुरती होती आणि विद्वान झालेल्यालाच मिळत होती. पेशवाई बुडाल्यावर १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तीस या दक्षिणेच्या रकमेचा आधार होता. १८४९ साली पुण्यातील काही सुधारकांनी सरकारकडे अर्ज करून दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथांस पारितोषिके देण्याकडे वळवावा अशी मागणी केली. पुढे याच निधीतून महाविद्यालयात शिकणाऱ्या होतकरू तरुणांना दक्षिणा फेलो म्हणून वेतन मिळू लागले. महादेव गोविंद रानडे हे अशा फेलोंपैकी एक. म्हणजे जुन्या दानाची दिशा झालेल्या पंडिताकडून होऊ घातलेल्या विद्यार्थ्याकडे वळली. हा बदल लहान नव्हे.

मुंबईत जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाने मॅट्रिकच्या संस्कृत विषयासाठी जी शिष्यवृत्ती ठेवली गेली, तिच्यात चुरस आणि विद्यावेतन यांची सांगड पहिल्यापासूनच होती. १९१२ साली चिंतामणराव देशमुख मॅट्रिकला पहिले आले आणि ही शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळविली. तो मान मिरविण्याचा होताच, पण त्या मानाला पुढील अभ्यासाचा खर्चही जोडलेला होता. आपल्या चषकाला मात्र असे काहीच जोडलेले नाही.

हे झाले पुण्या-मुंबईचे. आपले मुदखेड त्या काळी निजामाच्या राज्यात होते, आणि त्या राज्याचा एक प्रसंग या विषयास फारच लागू आहे. हैदराबादेस १८७९ साली जन्मलेली सरोजिनी चट्टोपाध्याय ही मुलगी बाराव्या वर्षी मद्रास विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झाली. तिने लिहिलेले एक नाटक निजाम मीर महबूब अली खान यांच्या पाहण्यात आले आणि ते प्रसन्न झाले, असे सांगतात. निजामांच्या शिष्यवृत्तीवर १८९५ साली, सोळाव्या वर्षी, ती विलायतेस गेली; लंडनच्या किंग्ज कॉलेजात आणि केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात तिचे शिक्षण झाले. तेथे एडमंड गॉस या समीक्षकाने तिला सल्ला दिला की, इंग्रजी निसर्गाची नक्कल सोडून आपल्या देशाविषयी लिहावे. याच पुढे सरोजिनी नायडू म्हणून देशास ठाऊक झाल्या. कलेच्या गुणावर मिळालेले विद्यावेतन, आणि त्याबरोबर लाभलेला जाणता मार्गदर्शक, असा हा दुहेरी योग होता. परंतु तिचे वडील अघोरनाथ हैदराबादेतील महाविद्यालयाचे प्राचार्य होते, हे विसरून चालणार नाही. दरबाराची दृष्टी पोहोचेल इतक्या अंतरावर ती मुलगी उभी होती.

मुदखेडचे मूल त्या दृष्टीच्या टप्प्यात नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मनमाड-सिकंदराबाद मार्गाचे रूळ या भागातून जाऊ लागले, पुढे आदिलाबादकडील फाटाही मुदखेडहून निघाला, आणि गाव जंक्शन झाले. राजधानीची गाडी दारात आली, परंतु राजधानीचे महाविद्यालय दूरच राहिले. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले ते उर्दू माध्यमाचे, आणि निजाम कॉलेज इंग्रजीचे. मराठी घरातील मुलाला परक्या शहरात, परक्या भाषेत आणि पदरच्या पैशाने शिकावे लागे. औरंगाबादेस इंटरमीजिएटपर्यंतची सोय झाली, पण नांदेडकडच्या गरीब घरांना तीही जवळची नव्हती.

याच राज्यातला दुसरा मुलगा म्हणजे बी. रघुनाथ. भगवान रघुनाथ कुलकर्णी हे त्यांचे संपूर्ण नाव. परभणी जिल्ह्यातील सातोना येथे १९१३ साली जन्म. १९३२ साली हैदराबादेत ते मॅट्रिक झाले. पुढे शिकावयास घरची परिस्थिती अनुकूल नव्हती, म्हणून त्यांनी बांधकाम खात्यात कारकुनी पत्करली. 'आलाप आणि विलाप' हा त्यांचा कवितासंग्रह १९४१ साली निघाला. कथा आणि कादंबऱ्याही त्यांनी पुष्कळ लिहिल्या. हे सारे कचेरीचे काम सांभाळून झाले. ७ सप्टेंबर १९५३ रोजी, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, कचेरीतच त्यांचा अंत झाला. महाविद्यालयात गेले असते तर ते याहून मोठे कवी झाले असते, असे आम्ही म्हणणार नाही. प्रतिभा पदवीची वाट पाहत नाही. पण तिची किंमत मात्र त्या माणसाला एकट्यालाच मोजावी लागली. परभणीत आज त्यांच्या नावाचे सभागृह आहे. समाजाने आदर केला, परंतु १९३२ साली जे हवे होते ते त्या साली दिले गेले नाही.

वेळेवर दिलेल्या साहाय्याचे मोल काय असते, याचे उदाहरण सर्वांस परिचित आहे. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांच्या अभिनंदनार्थ मुंबईत सभा भरली. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते, आणि कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलास भेट दिले. आपल्या मेळाव्यासारखाच तो समारंभ. पण केळूसकर तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढे इंटरनंतर घरातील पैसा संपला, तेव्हा त्यांनीच सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा पंचवीस रुपयांचे विद्यावेतन सुरू झाले. बी. ए. झाल्यावर १९१३ साली महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर आंबेडकर अमेरिकेस, कोलंबिया विद्यापीठात गेले. सभा अनेकांनी भरविली असेल. सभेनंतर त्या मुलाचे काय चालले आहे याची विचारपूस मात्र एका शिक्षकाने केली, आणि त्या विचारपुशीचे फळ साऱ्या देशास मिळाले.

ज्ञातिसंस्थांनीही हे कार्य केलेले आहे, आणि ते आपल्या अभिमानाचे आहे. गंगारामभाऊ म्हस्के यांनी पुण्यात एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात उभ्या केलेल्या डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशनने गरजू विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या दिल्या. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि त्यामागोमाग निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उघडली. मुलाला शहरात शिकवावयाचे तर त्याच्या निवाऱ्याची आणि दोन वेळच्या जेवणाची तरतूद आधी हवी, हे महाराजांनी ओळखले होते.

मराठवाड्यास हा लाभ उशिरा झाला. १९४८ साली हैदराबाद मुक्त झाले. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालय निघाले. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ, आणि १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे विद्यापीठ झाले. यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत, ज्यांचे वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांहून कमी, अशा पालकांच्या मुलांची फी माफ झाली. जे महाविद्यालय रात्रभराच्या प्रवासावर होते, ते मुदखेडहून लोकलच्या अंतरावर आले.

कलांच्या स्पर्धांनाही याच काळात बहर आला. १९५४ साली मुंबई राज्याची नाट्यस्पर्धा सुरू झाली आणि त्याच वर्षी दिल्लीत पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सव भरला. १९६३ साली पुण्यात पुरुषोत्तम करंडक सुरू झाला आणि महाविद्यालयीन मुलांच्या एकांकिकांना मान मिळाला. शाळांतून रेखाकलेच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षा आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीताच्या परीक्षा खेड्यापाड्यांपर्यंत गेल्या. परंतु एक भेद येथे लक्षात घ्यावा. १९६३ सालीच विज्ञानातील बुद्धिमान मुलांच्या शोधासाठी परीक्षा सुरू झाली, आणि दुसऱ्याच वर्षी ३५० शिष्यवृत्त्या ठरल्या. त्याच सुमारास कलेतील मुलाला करंडक मिळाला. कलेसाठी तशी केंद्रीय योजना, दहा ते चौदा वर्षांच्या मुलांकरिता, निघाली ती १९८२ साली. पुढे दहावीच्या परीक्षेत कलेला वाढीव गुणही मिळू लागले. पण गुणपत्रिकेवरील गुणांनी वसतिगृहाचे देणे फिटत नाही. गणित येणाऱ्या मुलाला समाज शिकवितो आणि गाणाऱ्या मुलाची पाठ थोपटतो, ही आपली जुनी खोड आहे.

परदेशातील एक दाखला येथे उपयोगी पडेल. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेने १९७८ साली 'ॲक्ट-सो' नावाची स्पर्धा सुरू केली. शिकागोचे पत्रकार व्हर्नन जॅरेट यांची ती कल्पना. खेळाडू मुलाला जो मान मिळतो तोच कवितेस, चित्रास, वाद्यवादनास आणि विज्ञानाच्या प्रयोगास मिळावा, हा त्यांचा हेतू. आपल्यासारखाच तोही एका समाजाच्या संस्थेचा उपक्रम आहे. स्पर्धेपूर्वी गावोगावच्या शाखा मुलांना जाणत्यांच्या हाताखाली तयार करतात, आणि राष्ट्रीय विजेत्यांना पदकाबरोबर शिष्यवृत्तीही मिळते. स्पर्धेचा दिवस हा तेथे वर्षाच्या श्रमांचा शेवट असतो आणि पुढील शिक्षणाचा आरंभ.

वाचक बंधुभगिनींनो, या साऱ्या इतिहासातून आम्हांस तीन गोष्टी सुचतात. पहिली ही की, चषकावर होणारा खर्च कमी करून ती रक्कम शिक्षणनिधीत घालावी, आणि ती मेळाव्याच्या दिवशी न देता प्रवेशाच्या दिवसांत द्यावी. गरज तेव्हा असते. तीही एकदाच नव्हे, पदवी हाती येईपर्यंत दरवर्षी द्यावी. दुसरी ही की, प्रत्येक गुणी मुलामुलीमागे ज्ञातीतील एका जाणत्या माणसाने वर्षभर उभे राहावे. पत्र लिहावे, फोन करावा, अर्जाची मुदत सांगावी, शासनाच्या योजना समजावून द्याव्या. केळूसकर गुरुजींपाशी संपत्ती नव्हती. त्यांच्यापाशी आस्था होती. तिसरी ही की, मुलांनी आपल्याकडे येण्याची वाट न पाहता परीक्षकांनी मुदखेड, भोकर, किनवट या स्थानकांवर उतरावे. दरबाराच्या दृष्टीपुढे जे मूल येईल तेच दिसते, हा दोष आपल्या संस्थेत नको.

कोणी म्हणतील, निधी थोडा आहे. तो थोडाच आहे. पण पंचवीस रुपये दरमहा हीही रक्कम तशी थोडीच होती. ती वेळेवर मिळाली आणि खंड न पडता मिळाली, यात तिचे सामर्थ्य होते.

मुदखेडच्या त्या मुलीचे वय अद्याप गेलेले नाही. तिच्या प्रवेशाची चौकशी आम्ही आरंभिली आहे आणि काही कुटुंबांनी वाटा उचलण्याचे मान्य केले आहे. या स्मरणिकेत दरवर्षी पारितोषिक-विजेत्यांची यादी छापली जाते. तिच्यात नाव, गाव आणि क्रमांक असे तीन रकाने असतात. येत्या वर्षापासून 'पुढील शिक्षण' हा चौथा रकाना त्यात असावा, आणि तो कोरा राहिल्यास त्याचा जाब आपण सर्वांनी स्वतःस विचारावा, एवढीच आमची विनंती आहे.