अँगोव्ह (आडनाव)

अँगोव्ह हे इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडील कॉर्नवॉल परगण्यातील एक दुर्मीळ आडनाव आहे. कॉर्निश भाषेतील 'अन गोव्ह' (लोहार) या शब्दांपासून ते तयार झाले आहे.

व्युत्पत्ती

'अन' हे कॉर्निशमधील निश्चयवाचक उपपद असून 'गोव्ह' म्हणजे लोहार. अनेक कॉर्निश आडनावे स्थलनामांवरून आलेली आहेत. त्यांच्या आरंभी 'ट्रे' (वस्ती), 'पोल' (डोह) किंवा 'पेन' (टोक) ही पदे आढळतात. अँगोव्ह मात्र व्यवसायावरून पडलेले नाव आहे. उपपद नावातच मिसळून गेल्याची अँग्विन (गोरा) व ॲनिअर (उंच) ही अन्य उदाहरणे होत. कॉर्निशला जवळच्या असलेल्या ब्रेटन भाषेतील 'गोव्ह' या शब्दावरून ब्रिटनी प्रांतात 'ल गॉफ' हे समानार्थी आडनाव रूढ झाले.

१४९७ चा उठाव

स्कॉटलंडविरुद्धच्या युद्धासाठी सातव्या हेन्रीने लादलेल्या करांविरुद्ध १४९७ मध्ये कॉर्निश जनतेने उठाव केला. सेंट केव्हर्न येथील लोहार मायकेल जोसेफ आणि बॉडमिनचा वकील टॉमस फ्लॅमँक हे त्याचे नेते होते. बंडखोर लंडनजवळच्या ब्लॅकहीथपर्यंत पोहोचले. तेथे १७ जून रोजी त्यांचा पराभव झाला. २७ जून रोजी दोन्ही नेत्यांना टायबर्न येथे देहदंड देण्यात आला. मायकेल जोसेफ इतिहासात 'अन गोफ' या नावाने प्रसिद्ध आहे. तथापि हे त्याचे व्यवसायावरून पडलेले उपनाव होते. लोहार गावोगावी असल्याने असे उपनाव अनेक कुटुंबांना स्वतंत्रपणे मिळू शकत असे. त्यामुळे केवळ आडनावाच्या साम्यावरून अँगोव्ह कुटुंबे त्याचे वंशज ठरत नाहीत. उठावाच्या पाचशेव्या वर्षी, १९९७ मध्ये, सेंट केव्हर्न येथे दोन्ही नेत्यांचा पुतळा उभारण्यात आला.

भाषेचा ऱ्हास व आडनावाचे सातत्य

अठराव्या शतकाच्या अखेरीस कॉर्निश भाषा दैनंदिन व्यवहारातून जवळजवळ लुप्त झाली. परिणामी आडनावाचा अर्थ सर्वसामान्यांना कळेनासा झाला. परंतु उपपदासह त्याचे जुने रूप टिकून राहिले. विसाव्या शतकातील भाषा-पुनरुज्जीवनामुळे अशा नावांच्या अर्थाकडे पुन्हा लक्ष वेधले गेले.

स्थलांतर

एकोणिसाव्या शतकात तांबे व कथील यांच्या खाणी डबघाईस आल्याने कॉर्नवॉलमधून मोठे स्थलांतर झाले आणि कॉर्निश आडनावे ऑस्ट्रेलिया, अमेरिका व दक्षिण आफ्रिकेत पोहोचली. कॉर्नवॉलहून आलेले डॉक्टर विल्यम अँगोव्ह यांनी १८८६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात द्राक्षमळ्याची सुरुवात केली. त्यांच्याच घराण्यातील टॉमस अँगोव्ह यांनी १९६५ मध्ये खोक्यातील पिशवीत वाइन भरण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले.