शस्त्रक्रियेनंतरची विश्रांति

रायगडाच्या पायथ्याशीं पाचाड येथें राजमाता जिजाबाईंच्या वाड्याचे अवशेष व त्यांची समाधि आहे. गडावरील गार वारा उतारवयांत त्यांना मानवेना, म्हणून शिवाजीमहाराजांनीं गडाखालीं हा वाडा बांधविला, असें सांगतात. वडील माणसांच्या प्रकृतीस जपावें ही जुनी व थोर रीत खरी. परंतु जपणें म्हणजे निजवून ठेवणें, अशी जी समजूत घरोघरीं रूढ झाली, ती वैद्यकशास्त्रालाही फार उशिरां सोडावी लागली. मोठ्या आंतड्याच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेचा इतिहास याची साक्ष देतो.

१८९९ सालीं शिकागोच्या एमिल रीस या शस्त्रवैद्यानें पोटावरील शस्त्रक्रियेनंतर रोग्यांना लवकर खाऊं घालून लवकर उठविल्याचें प्रसिद्ध केलें. त्याकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. १९०८ सालीं लंडनच्या अर्नेस्ट माइल्सनें गुदाशयाचा कर्करोग समूळ काढण्याची मोठी शस्त्रक्रिया वर्णिली. २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं मुंबईस परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें, आणि कोंकणांतील रोग्यालाही कर्करोगाच्या खास उपचारांचें दार खुलें झालें.

शस्त्रक्रिया सुधारली, पण नंतरची शुश्रूषा जुनीच राहिली. आधल्या रात्रीपासून उपवास, रेचक, नाकांत नळी, आणि आंतडें चालू होईपर्यंत अन्न वर्ज्य. शिवलेल्या आंतड्यास विसांवा हवा, हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटे. १९४७ सालीं रिचर्ड अ‍ॅशर या इंग्रज डॉक्टरानें अंथरुणाचेच धोके दाखवून दिले: पायांच्या शिरांत रक्त गोठतें, फुप्फुसांत कफ सांचतो, स्नायु झिजतात.

पुढें १९९० नंतरच्या दशकांत डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनीं साधाच प्रश्न विचारला: शस्त्रक्रिया यशस्वी झाली, तरी रोगी अजून रुग्णालयांत कां? उत्तर असें मिळालें कीं, वेदना, मळमळ, अफूवर्गीय औषधांनीं सुस्तावलेलें आंतडें, शिरेवाटे दिलेलें जादा पाणी, उपवास व पडून राहणें, हींच त्याचीं कारणें. उपाय एक नव्हता, अनेक लहान उपाय एकत्र होते. भुलीच्या दोन तास आधींपर्यंत स्वच्छ पेय, वेदनाशमनाची निराळी योजना, नळ्या शक्य तितक्या लवकर काढणें, लवकर अन्न, आणि लवकर चालणें. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ६० रोग्यांपैकीं निम्मे तरी दोन दिवसांत घरीं जाण्यायोग्य झाले. २००१ सालीं युरोपांतील शस्त्रवैद्यांचें एक मंडळ स्थापन होऊन ही पद्धत जगभर पसरूं लागली.

मात्र तिचा उत्तरार्ध रुग्णालयांत नव्हे, घरांत घडतो. मुंबईहून पाचाडास परतलेल्या वृद्धाभोंवतीं सोयरेधायरे जमतात. "आबा, हालूं नका, टांके तुटतील," असें प्रेमानें बजावतात, आणि पुढ्यांत नुसती पातळ पेज ठेवतात. डॉक्टरांनीं मात्र रोज थोडें अधिक चाला, अंगीं लागेल असें खा, म्हणून सांगितलेलें असतें. ताप, वाढती पोटदुखी वा उलट्या सुरू झाल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडतां रुग्णालय गांठावें. एरवीं डॉक्टरांची आज्ञा पाळावी. आबांचा हात धरून त्यांना अंगणापर्यंत नेणारा मुलगाच त्यांना खरें जपत असतो.