ड्रोनमोजणीतील कॅमेऱ्याचे सेटिंग

ड्रोनने टिपलेल्या छायाचित्रांवरून जमिनीचा नकाशा, उंचसखलपणाचे प्रारूप किंवा इमारतीची त्रिमितीय प्रतिकृती तयार करताना शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ, फोकस इत्यादींची निवड कशी करावी, याचे शास्त्र. लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्याला हजारातली एक फ्रेम देखणी मिळाली तरी पुरते. मोजणीवाल्याला पाचशेच्या पाचशे फ्रेम एकसारख्या लागतात, देखण्या नसल्या तरी चालते. कारण घराचा एकच कोपरा अनेक छायाचित्रांत ओळखून संगणक त्याची जागा आणि प्रत्येक वेळची कॅमेऱ्याची स्थिती गणिताने काढत असतो.

सेटिंगची सुरुवात कॅमेऱ्यात होत नाही, जमिनीवर होते. एका पिक्सेलमध्ये किती जमीन मावली पाहिजे, हे आधी ठरवावे लागते. 13.2 मिमी रुंदीचा संवेदक आणि 8.8 मिमी नाभीय अंतराचे भिंग असलेला कॅमेरा 100 मीटर उंचीवरून 150 मीटर रुंदीचा पट्टा टिपतो. तो 5,472 पिक्सेलांत विभागला की एका पिक्सेलला सुमारे 2.7 सेंमी जमीन येते. उंची दुप्पट केली की हे मापही दुप्पट. भारतात 2021 च्या ड्रोन नियमांनुसार हरित क्षेत्रात 400 फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे 120 मीटरपर्यंत पूर्वपरवानगीशिवाय उडता येते. त्यामुळे नेहमीची कामे या मर्यादेतच बसवली जातात.

यानंतर महत्त्व शटरगतीचे. सेकंदाला 10 मीटर वेगाने जाणारा ड्रोन 1/250 सेकंदात 4 सेंमी पुढे सरकतो. वरच्या उदाहरणात ही दीड पिक्सेलची फरफट झाली. 1/1000 ला ती 1 सेंमीवर येते. फरफट अर्ध्या पिक्सेलच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे. प्रकाश कमी असेल तर वेग निम्मा करून 1/500 वरही तेच साधते, पण बॅटऱ्या जास्त खर्ची पडतात. शटरचा प्रकारही पाहावा लागतो. इलेक्ट्रॉनिक रोलिंग शटर चित्र ओळीओळीने वाचते. या वाचनाला 1/30 सेकंद लागला, तर पहिल्या आणि शेवटच्या ओळीच्या दरम्यान तोच ड्रोन 33 सेंमी पुढे गेलेला असतो. सॉफ्टवेअर याची थोडीफार दुरुस्ती करते, तरी यांत्रिक शटर असलेला कॅमेरा केव्हाही बरा. मेगापिक्सेलचा आकडा विचारण्याआधी शटर कोणते, हे विचारावे.

शटर ठरले की बाकीच्यांनी त्याच्याशी जुळवून घ्यायचे. आयएसओ 100 ते 400 च्या दरम्यान ठेवतात. त्यापुढे चित्रात दाणे येऊ लागतात आणि त्यांच्या गोंधळात खरे बिंदू हरवतात. एक इंची म्हणवल्या जाणाऱ्या संवेदकाला अ‍ॅपर्चर एफ/4 ते एफ/5.6 मानवते. ते फार मिटले की प्रकाशाच्या विवर्तनाने तपशील मऊ पडतो.

प्रकाशाचा खरा कस गावठाणात लागतो. 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनने होते. महाराष्ट्रात पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे त्याआधीच असा प्रायोगिक प्रकल्प झाला होता. उड्डाणापूर्वी मिळकतींच्या हद्दी चुन्याच्या फक्कीने आखतात. पिक्सेल 5 सेंमीचा आणि फक्कीची रेघ चार बोटे रुंद असेल, तर ती जेमतेम दीड पिक्सेल भरते. शेजारी उन्हात तळपणारे पत्रे, पलीकडे दोन भिंतींमधला अंधारा बोळ. कॅमेऱ्याने बोळाकडे पाहून प्रकाश वाढवला की चुना फुटतो, रेघ फुगते आणि कडा नेमकी कुठे हे सांगता येत नाही. म्हणून एक्स्पोजर पाव ते अर्धा स्टॉप कमी ठेवणे इष्ट. फार कमी केले तर बोळातली भिंतच काळोखात जाते. पातळ, सारख्या ढगांचा दिवस मिळाला तर हा झगडा उरतच नाही.

फोकस एकदाच दूरच्या वस्तूवर लावून कुलूपबंद करावा. तो हलला की भिंग आणि संवेदक यांतील अंतर बदलते आणि साऱ्या गणिताचा आधारच डळमळतो. झूमलाही याच कारणाने हात लावायचा नाही. भिंगामुळे चित्रात येणारी वक्रता कॅमेऱ्यातच सुधारण्याची सोय बंद ठेवावी. ते काम सॉफ्टवेअर अधिक चोख करते. श्वेतसंतुलन ‘सूर्यप्रकाश’वर स्थिर ठेवावे, नाहीतर जोडलेल्या नकाशावर गोधडीसारखी ठिगळे दिसतात.

उड्डाणाच्या दिशेने 75 ते 80 टक्के आणि शेजारच्या पट्ट्यांत 60 ते 70 टक्के, असे फोटोंचे एकमेकांवर आच्छादन ठेवतात. वरच्या कॅमेऱ्याची चौकट उड्डाणाच्या दिशेने 100 मीटर लांब आहे. 80 टक्के आच्छादनासाठी दर 20 मीटरला, म्हणजे वरच्याच वेगाने दोन सेकंदांना एक फोटो हवा. रॉ फाइल लिहायला कार्डाला तेवढी उसंत मिळाली नाही तर मध्येच फ्रेम गळते. म्हणून मोजणीत जेपीईजीच रुळले आहे.

कॅमेरा सरळ खाली रोखून समांतर फेऱ्या मारल्या की नकाशा होतो, प्रतिकृतीला भिंती मिळत नाहीत. शिवाय अशा चित्रांच्या प्रारूपात सपाट माळही मध्यभागी घुमटासारखा फुगलेला दिसू शकतो. तिरक्या कोनातील काही चित्रांनी हा दोष बराच घटतो, असे माइक जेम्स आणि स्टुअर्ट रॉब्सन यांनी 2014 मध्ये दाखवले. वाऱ्यावर डोलणारा ऊस आणि विहिरीचे पाणी यांपुढे मात्र कोणतेही सेटिंग चालत नाही. दोन फोटोंत तोच बिंदू तिथे सापडतच नाही.

पहिल्या फेरीनंतर दोनचार फोटो पूर्ण मोठे करून फक्कीची कडा आणि बोळातली भिंत तिथेच तपासतात. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निम्मी फक्की गुरांच्या खुरांनी आणि दुचाक्यांनी पुसलेली असते.