सांडपाणी बोगद्यांतील भूमिगत अडथळ्यांचा शोध
शहराखाली सांडपाण्याचा बोगदा खोदताना मार्गात येऊ शकणाऱ्या जुन्या विहिरी, पाया-खांब, लोखंडी नळ, मोठे गोटे, पोकळ्या इत्यादींचा आगाऊ व खोदकाम चालू असताना घेतलेला शोध. खोदयंत्र सहसा मागे घेता येत नसल्याने हा शोध महत्त्वाचा ठरतो.

पूर्वतपासणीत जुने नकाशे, इमारतींचे आराखडे व वाहिन्यांच्या नोंदी पडताळतात. ठरावीक अंतरावर वेधन-छिद्रे घेऊन माती व खडकाचे नमुने तपासतात. भूवेधी रडारने उथळ वाहिन्या व पोकळ्या दिसतात, मात्र ओल्या चिकणमातीत त्याच्या लहरी लवकर क्षीण होतात. लोखंडी वस्तूंसाठी चुंबकत्वमापक, तर खोलवरच्या थरांसाठी भूकंपीय व विद्युत्‌रोध पद्धती वापरतात. एकच पद्धत पुरेशी नसल्याने निष्कर्ष एकमेकांशी ताडून पाहतात.

खोदकामावेळी यंत्राच्या कर्तनचक्राचा पीळ, रेटा, वेग व कंपने यांवर सतत लक्ष ठेवतात. त्यांत अचानक झालेला बदल अडथळ्याची सूचना देतो. संशयास्पद ठिकाणी यंत्रातूनच पुढे शोधछिद्रे पाडतात. अडथळा आढळल्यास पृष्ठभागावरून कूपक खणून किंवा जमीन स्थिर करून तो काढतात.

अशा अडथळ्याचे एक उदाहरण : अमेरिकेतील सिॲटल येथे डिसेंबर २०१३ मध्ये रस्त्याच्या बोगद्याचे सुमारे १७.५ मी. व्यासाचे ‘बर्था’ हे यंत्र भूजल-चाचणीसाठी २००२ मध्ये बसविलेल्या पोलादी नळीवर आदळले. त्यानंतर काही दिवसांतच ते बंद पडले आणि नियमित खोदकाम सुमारे दोन वर्षे थांबले.